गोळीनंतरचा पहिला कागद

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकीतील मृत्यूंचा तपास कसा करायचा याचे सोळा नियम घालून दिले. ते प्रकरण मुंबईचे होते. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी, बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असताना मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण या दहा वर्षांत काय घडले आणि काय घडायचे राहून गेले, हे पाहिले की पोलिसी बळ आणि कायद्याचे राज्य हा वाद महाराष्ट्रात आज कुठे उभा आहे ते कळते.

चकमकी योग्य की अयोग्य, यावर चर्चासत्रे होतात, वृत्तवाहिन्यांवर भांडणे होतात. कायद्यापुरता तो प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. आरोपीला मारण्याचा अधिकार पोलिसांना नाही, याबद्दल न्यायालयांत दुमत नाही. खरी ओढाताण वेगळ्याच जागी चालते: गोळी सुटल्यावर पोलीस ठाण्यात पहिला कागद कोण लिहितो, त्यात आरोपी म्हणून कोणाचे नाव पडते, आणि पुढचा तपास कोणाच्या हाती जातो.

कायद्यातली जागा

भारतीय कायद्यात ‘एन्काउंटर’ नावाचा अधिकार कुठेही नाही. अटक करताना कोणी जोराने प्रतिकार केला तर पोलिसाला आवश्यक तेवढे बळ वापरता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ हे सांगत असे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ तेच सांगते. याच कलमात एक मर्यादा आहे. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, अशा माणसाचा जीव घेण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. या वाक्याचा उलटा अर्थ काढून, गंभीर गुन्ह्याचा आरोपी असला की गोळी घालायला मोकळीक आहे असे अनेकदा बोलले जाते. तसे ते नाही. तिथेही आधी प्रतिकार हवा आणि बळ गरजेपुरतेच हवे.

दुसरा आधार खासगी बचावाच्या हक्काचा. तो पोलिसाला आहे तसाच तुम्हाआम्हालाही आहे. जिवावर बेतले तर समोरच्याचा जीव घेणे हा गुन्हा ठरत नाही. मात्र हा बचाव आरोपीने न्यायालयात मांडायचा असतो आणि तो शाबीत करण्याचा भारही त्याच्यावरच असतो. सामान्य माणसाने घरात शिरलेल्या दरोडेखोराला मारले तरी गुन्हा नोंदला जातो, तपास होतो, आणि त्याचा बचाव खरा की खोटा हे पुढे ठरते. चकमकीत मात्र हा क्रम वर्षानुवर्षे उलटा चालला. गोळी झाडणाऱ्या पथकातलाच एखादा अधिकारी फिर्याद देई, मृतावर पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केल्याचा गुन्हा दाखल होई, आणि आरोपीच हयात नसल्याने ‘ॲबेटेड समरी’ दाखल होऊन फाइल बंद होई. बचावाची परीक्षा होण्यासाठी जो खटला लागतो तो उभाच राहत नसे.

तिसरा आधार जमावाविषयीच्या कलमाचा. गैरकायदा जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याची तरतूद संहितेत स्वतंत्र आहे, आणि इशारा, लाठी, अश्रुधूर, मग अगदी शेवटी गोळी अशी चढती पायरी पोलिसांच्या प्रशिक्षणात शिकवली जाते. ती पायरी चुकली की काय होते हे घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला दिसले. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मेले. गुंडेवार आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला. आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप सुनावली. म्हणजे दोषसिद्धीपर्यंत जायला बारा वर्षे. त्यातही हे दिवसाढवळ्या, शेकडो साक्षीदारांसमोर झालेले प्रकरण होते. रात्रीच्या चकमकीला साक्षीदार कुठले?

मुंबईची वीस वर्षे

११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे मारला गेला. मुंबईतली पहिली चकमक म्हणून तिचा उल्लेख होतो. १९९१ च्या नोव्हेंबरात लोखंडवाला संकुलातला गोळीबार झाला आणि चकमक हा शहराने बघायचा प्रकार झाला. पण संख्येने या गोष्टी वाढल्या त्या १९९२-९३ च्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतरच्या वर्षांत. गिरण्या बंद पडल्या होत्या, जमिनीचे भाव चढले होते, बिल्डर आणि चित्रपट निर्माते यांना खंडणीचे फोन येत होते. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशनकुमार यांचा अंधेरीत भरदिवसा खून झाला तेव्हा सरकारवरचा दबाव टोकाला गेला. सर्वोच्च न्यायालयापुढे जे आकडे आले ते असे: १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकी, आणि त्यांत सुमारे १३५ माणसांचा मृत्यू.

याच काळात प्रदीप शर्मा, विजय साळसकर, दया नायक अशा पोलीस अधिकाऱ्यांची नावे घराघरांत पोचली. त्यांच्या नावापुढे मारलेल्यांचे आकडे क्रिकेटपटूच्या धावांसारखे छापले जात. २००४ चा ‘अब तक छप्पन’ हा चित्रपट तर आकडाच शीर्षकात मिरवतो. दहा वर्षांनी आलेल्या ‘रेगे’ या मराठी चित्रपटाचा सूर वेगळा होता. मध्यमवर्गीय घरातला मुलगा या जगाच्या जवळ गेला तर त्याचे काय होईल, ही धास्ती त्यात होती. कौतुकाकडून धास्तीकडे झालेला हा प्रवास सगळ्या समाजाचा झाला असे मात्र म्हणवत नाही.

संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा १९९९ मध्ये आला. त्याने फोन ऐकण्याची मुभा दिली, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून मान्य केला, जामीन अवघड केला. कायद्याचे हात बांधलेले असल्याने चकमकी कराव्या लागतात, हा युक्तिवाद या कायद्यानंतर तरी थांबायला हवा होता. तसे झाले नाही, आणि हे पोलिसांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही नीट तपासायला हवे असे मला वाटते.

न्यायालयांची वाट

ऑगस्ट १९९७ मध्ये बॅलार्ड पियरजवळ मारल्या गेलेल्या जावेद फावडाच्या प्रकरणाने न्यायालयीन लढ्याला तोंड फुटले. पोलिसांच्या मते तो गुंड होता. कुटुंबाचे म्हणणे, मेलेला माणूस वेगळाच, शेंगदाणे विकून पोट भरणारा. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सत्र न्यायाधीश आग्वियार यांनी चौकशी केली आणि चकमक बनावट असल्याचा अहवाल दिला. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष स्वीकारला नाही, पण पुढच्या चकमकींसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्याविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागला तो पंधरा वर्षांनी, २०१४ मध्ये, सरन्यायाधीश लोढा आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाकडून.

त्यातले सोळा नियम वाचताना लक्षात येते की बहुतेक नियम कागदाचे आहेत. मिळालेली खबर आधी लेखी नोंदवा. मृत्यू झाल्यावर गुन्हा नोंदवून तो विनाविलंब न्यायालयाकडे पाठवा. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्या. दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कराच. मानवी हक्क आयोगाला कळवा. वापरलेली शस्त्रे जमा करा. नातेवाइकांना तातडीने कळवा. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९७ पासून अशाच सूचना दिल्या होत्या, पण त्या सूचनाच होत्या. सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम १४१ चा आधार देऊन आपले नियम बंधनकारक केले.

एक जागा मात्र मोकळी राहिली. ‘गुन्हा नोंदवा’ असे न्यायालय म्हणाले, कोणाविरुद्ध ते स्पष्टपणे म्हटले नाही. मृताविरुद्ध नोंदवलेला गुन्हा दाखवून नियम पाळल्याचा दावा करता येतो, आणि तसा तो होत आला आहे.

लखनभैया प्रकरण

या साऱ्या वादात पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण २००६ चे. ११ नोव्हेंबरला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया वाशीतून एका मित्रासह उचलला गेला आणि त्याच रात्री वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमकीत मेल्याचे जाहीर झाले. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलून नेल्याचे कळताच त्याने पोलीस आयुक्तांसह वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले, चकमकीची बातमी येण्याआधी. पुढचा सगळा खटला या कागदांवरच्या वेळेवर उभा राहिला. पथकाने आपला कागद लिहिण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी एक कागद लिहून ठेवला होता. असे क्वचितच होते. मृताच्या घरात वकील नसता, त्या काळी तार कार्यालय उघडे नसते, तर काय झाले असते याची कल्पना करायला फार कष्ट लागत नाहीत.

तरीही वाट सोपी नव्हती. दंडाधिकाऱ्यांनी २००८ मध्ये हा मृत्यू पोलिसांच्या ताब्यातला असल्याचा निष्कर्ष काढला. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांचा जामीन रद्द ठरवताना, बनावट चकमक करणाऱ्यांना फाशीच दिली पाहिजे इतकी कडक भाषा वापरली. त्याच वर्षी लखनभैयाबरोबर उचलला गेलेला मुख्य साक्षीदार साक्षीच्या काही दिवस आधी बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेहच सापडला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली आणि प्रदीप शर्मांना निर्दोष सोडले. २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारने अकरा दोषी पोलिसांची शिक्षा तात्पुरती स्थगित केली, उच्च न्यायालयाने तो आदेश २०१९ मध्ये रद्द केला. मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांनी बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि शर्मांनाही जन्मठेप सुनावली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्मांना शरण येण्यापासून तात्पुरता दिलासा दिला.

शेजारी सोहराबुद्दीन शेख चकमकीचा खटला ठेवून पाहावा. गुजरातमधून मुंबईत वर्ग झालेल्या या खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये सर्व बावीस आरोपी सुटले. तपासलेल्या २१० साक्षीदारांपैकी ९२ फितूर झाले होते. दोन्ही खटले एकाच शहरात चालले, न्यायालयीन पद्धत तीच, आणि निकाल मात्र दोन टोकांचे.

चार बाजू

पोलिसांची बाजू केवळ सबबींची नाही. शस्त्रधारी गुंडाला पकडायला जाणारा शिपाई जीव धोक्यात घालतो, आणि गोळी झाडायची की नाही हे त्याला क्षणात ठरवावे लागते. पुढे वर्षभर वातानुकूलित खोलीत बसून त्या क्षणाची चिकित्सा करणे सोपे असते. टोळ्यांविरुद्धचे साक्षीदार घाबरून फितूर होतात, खटले दशकभर चालतात, जामिनावर सुटलेला माणूस पुन्हा खंडणी मागतो. माजी पोलीस अधिकारी ज्योती बेलूर यांनी मुंबईच्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलेला ‘परमिशन टू शूट?’ हा अभ्यास २०१० चा आहे. न्यायव्यवस्थेवरचा अविश्वास आणि लोकांचा पाठिंबा या दोन आधारांवर अधिकारी आपले वागणे कसे उभे करतात, ते त्यात उलगडते.

मानवी हक्क संघटना आणि बहुतेक घटनातज्ज्ञ यांचे म्हणणे वेगळ्या पायावर आहे. त्यांच्या मते प्रश्न गुंडाच्या हक्कांपुरता नाहीच. शिक्षा ठरवण्याचा अधिकार तपास करणाऱ्याच्या हाती गेला की कोणाला मारायचे हे पैसा, राजकारण किंवा एखादी प्रतिस्पर्धी टोळीही ठरवू शकते. लखनभैया प्रकरणात अभियोग पक्षाचा दावा नेमका असाच होता, धंद्यातल्या वैऱ्याच्या सांगण्यावरून झालेल्या खुनाचा. ज्या अधिकाऱ्यांची नावे गाजली त्यांतले काही पुढे कोणत्या गुन्ह्यांत आरोपी झाले, तेही या बाजूचे लोक दाखवून देतात. २००८ च्या मुंबई हल्ल्यात पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना हल्लेखोर कसाबला जिवंत धरून ठेवले आणि राज्याने त्याला चार वर्षांत, सर्व पायऱ्या पार करून, फाशीपर्यंत नेले, हेही उदाहरण ते देतात. ते मुद्दा म्हणून वजनदार आहे. पण तसा खटला राज्य आपली सगळी ताकद लावून चालवते, रोजच्या खंडणीच्या खटल्याला तेवढी ताकद कोणी लावत नाही, हेही खरे.

तिसरी बाजू सुधारकांची. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रार प्राधिकरणे स्थापन करा असे आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांत आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. या बाजूला चकमकींची निंदा करत बसण्यात रस नाही. तपास आणि अभियोग सक्षम झाले तर चकमकीची गरज सांगणेच अवघड होईल, असा त्यांचा हिशेब आहे.

आणि चौथी, जिची नोंद अशा लेखांत बहुतेक वेळा हेटाळणीने होते, ती सामान्य माणसाची. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने, ज्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती रेखा बलदोटाही होत्या, ती चकमक रचलेली ठरवून दहा पोलिसांवर खुनाचा खटला भरण्याची शिफारस केली. तोवर फुले उधळणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो लोक रुळांवर उतरले ते शाळा आणि पोलीस यांनी तक्रारीला दाद दिली नाही म्हणून. पुढे आरोपी मेला तेव्हा पेढे वाटले गेले. तक्रार नोंदवायला वेळ लावणाऱ्या यंत्रणेविरुद्धचा राग शेवटी त्याच यंत्रणेच्या गोळीचे स्वागत करून शमला, हे मला या प्रकरणातले सर्वांत अवघड सत्य वाटते. पोलिसांच्या मनातही हा विचार रुजलेला आहे. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या २०२५ च्या अहवालात पाहणी झालेल्या पोलिसांपैकी २२ टक्क्यांनी, धोकादायक गुन्हेगाराला खटल्यापेक्षा मारणेच बरे, असे सांगितले. अर्थात उरलेले बहुसंख्य कायद्याच्या बाजूने होते, हेही त्याच अहवालात आहे.

काय सुटलेले नाही

बदलापूर प्रकरणात पोलिसांचे म्हणणे असे की आरोपीने गाडीत एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली आणि दुसऱ्याने बचावासाठी त्याला मारले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने गाडीतल्या पाचही पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरले. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचेही त्यात होते. मग पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा का? सरकारचे म्हणणे, सीआयडीचा तपास चालू आहे, आयोगही नेमला आहे, नियम पाळले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती मोहिते डेरे आणि नीला गोखले यांच्या खंडपीठाने याचे उत्तर दिले: दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवावाच लागतो, मग आरोपी पोलीस असला तरी. त्यांनी सहआयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विशेष पथक नेमायला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हे पथक नेमण्याचे काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे सोपवले. २०१४ च्या नियमांतली मोकळी जागा या एका प्रकरणापुरती भरली गेली. ती सगळ्या प्रकरणांसाठी भरली असे समजायला अजून सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट शब्द हवा.

तपास कोणी करायचा, हा प्रश्न तसाच आहे. दुसऱ्या ठाण्याचे पथक म्हणजे स्वतंत्र पथक का? बदल्यांच्या खात्यात आज ज्याचा तपास करायचा तोच उद्या वरिष्ठ असू शकतो. सीआयडीही गृहखात्याचीच. दंडाधिकारी चौकशीतही फरक आहे. ताब्यातील मृत्यूची चौकशी न्यायिक दंडाधिकारी करतो, रस्त्यावरच्या चकमकीची बहुधा महसूल खात्याचा कार्यकारी दंडाधिकारी. लखनभैया आणि बदलापूर या दोन्ही प्रकरणांत पारडे न्यायिक दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने फिरले, हे ध्यानात घेतले तर या फरकाला किती वजन आहे ते दिसते.

कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. बनावट चकमक हे कर्तव्य नव्हे, म्हणून तिथे मंजुरी नको, असे एक म्हणणे. पण चकमक बनावट आहे हे खटल्यातच ठरणार, आणि खटल्याआधीच मंजुरी मागितली जाते. २०१२ च्या झारखंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हेगार आहे म्हणून मारणे हे पोलिसांचे काम नव्हे असे बजावले आणि त्याच निकालात मंजुरीअभावी पोलिसांवरील कारवाई रद्दही केली. दोन्ही गोष्टी एकाच निकालात बसतात यातच हा पेच आहे.

गडचिरोलीचा प्रश्न आणखी निराळा. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरातल्या कारवाईत चाळीस माओवादी मारले गेले. जंगलातला सशस्त्र संघर्ष आणि मुंबईतली चकमक एकाच मापाने मोजायची का? सोळा नियम असा भेद करत नाहीत. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, अशांत प्रदेशातही अतिरेकी बळाला सूट नाही असे म्हटले. गडचिरोलीत माओवाद्यांशी लढणाऱ्या सी-६० सारख्या दलाला या चौकटीत काम करणे किती शक्य आहे, यावर गंभीर चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. एक बाजू तिला देशद्रोह म्हणते आणि दुसरी बाजू सगळ्याच कारवाया बनावट मानते, त्यामुळे मधली जागा ओस पडते.

शेवटी फिर्याद चालवणारा कोण, हा प्रश्न उरतो. तपास स्वतंत्र नाही असे वाटले तर नातेवाइकांनी सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करावी, अशी वाट सोळा नियमांनी दिली आहे. लखनभैयाचा भाऊ न्यायालयांचा असाच लांबचा रस्ता सतरा वर्षांहून अधिक काळ चालला. बदलापूरच्या आरोपीच्या आईवडिलांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला सांगितले की आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचे नाही. तिथे न्यायालयाने स्वतःहून न्यायमित्र नेमून सुनावणी सुरू ठेवली. प्रत्येक खंडपीठ तसे करील असा नियम नाही, आणि नातेवाईक गप्प बसले किंवा बसवले गेले तर ती तक्रार कोणी करायची, यावर सोळा नियम काही सांगत नाहीत.